भरतीत नापास

आमच्या सोलापुरात पाणी नळाला येतं आणि त्याच्या मर्जीनं येतं. त्यामुळे दिवसातून दोनदा, सांगून-सवरून, ठरल्या वेळेला येणारं पाणी मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा नीट पाहिलं. त्याआधी समुद्र बघितला नव्हता असं नाही. शाळेच्या सहली नेल्यात की मी! पण सहलीत समुद्राकडे कोण बघतं, पोरं मोजण्यातच जीव जातो.

तर मी सुनंदा बिराजदार. आयुष्यभर गणित शिकवलं, निवृत्त झाले आणि घरात बसवेना म्हणून एक उद्योग अंगावर घेतला. बारावी होऊन कॉलेजच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या कितीतरी मुलांना अपूर्णांक दिसला की घाम फुटतो आणि वर्गात उभं केलं की रडू. प्राध्यापक म्हणतात शाळेनं काही शिकवलं नाही. शाळा म्हणते आता कॉलेजनं बघावं. मधल्या मधे पोर गळतं. अशा कॉलेजांत मी आठवडाभर जाऊन राहते, मुलं कुठं अडतात ते शोधते आणि तिथल्या शिक्षकांबरोबर बसून त्यावर उपाय ठरवते. या कामात आपण अगदी तरबेज आहोत असा माझा समज होता. तो मी रायगडच्या किनाऱ्यावर सोडून आले, त्याची ही हकीकत. वारांपुढे तिथी मुद्दाम घातल्यात. मी काही सोवळ्यातली बाई नाही, पण तिथी आता माझ्या कामाची गोष्ट झालीय.

सोमवार, एकादशी

श्रीवर्धन आणि हरिहरेश्वरच्या मधल्या एका गावात हे कॉलेज. गावाचं आणि कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण पुढं जो घोळ झाला तो माझा आहे, त्यांचा नव्हे. एक मजली इमारत, मागे सुपारीची बाग, पुढे पिवळं पडायला लागलेलं भात. दसरा आदल्याच दिवशी झालेला, तर फाटकावरचं झेंडूचं तोरण अजून ताजं होतं. आमच्याकडे ऑक्टोबरात डोळ्यांत धूळ जाते. इथं श्वास घेतला तरी ओला वाटतो.

प्राचार्य भोईर सर पेणकडचे, मिठागरात राबलेल्या घरातले. उंचेपुरे, आवाज खणखणीत. "मॅडम, माझा बाप उन्हात मीठ ओढायचा नि मी या खुर्चीत बसतो," हे त्यांनी ओळख झाल्याच्या पाचव्या मिनिटाला सांगितलं. सांगताना छाती अशी पुढे आली की मलाच बरं वाटलं. पहिली घटक चाचणी फार वाईट गेली म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं होतं. "पोरं वाईट न्हायत हो. पण तोंड उघडत न्हायत."

दुसऱ्या मुकादम मॅडम. जरीना मुकादम, अर्थशास्त्र शिकवतात, वय असेल तिशीचं, श्रीवर्धनच्याच. बारीक चणीच्या, स्कूटी मात्र अशी चालवतात की मागे बसणाऱ्यानं देवाचं नाव घ्यावं. मुलांचं दुखलं-खुपलं बघायचं काम कॉलेजनं त्यांच्याकडेच दिलेलं.

दुपारी जेवायला बसलो तर ताटात भलामोठा मासा. मी म्हटलं, मी शाकाहारी. शिपाईकाकांनी काळजीनं विचारलं, "कधीपासनं?" जणू दुखणंच. मग वालाचं बिरडं आलं, तांदळाची भाकरी आली, सोलकढी आली. मी डब्यातली शेंगाचटणी काढली. भोईर सरांनी ती तीनदा घेतली आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणाले, "काय नाय, तिखट नाय, असं काय नाय."

मग मी माझी चाचणी घेतली. पहिला कागद वीस गणितांचा. दुसऱ्या कागदावर पाच चेहरे काढलेले, एकदम रडक्यापासून एकदम हसऱ्यापर्यंत. आज तुम्हाला जसं वाटतंय त्यावर खूण करा. गणिताचे कागद निम्मेअधिक कोरे आले. आठच्या तीन चतुर्थांश काढा, एवढंसं गणित, तेही सोडलेलं. आणि चेहऱ्यांच्या कागदावर? सगळ्यांनी, म्हणजे अगदी सगळ्यांनी, सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर खूण केलेली.

"एवढी आनंदी मुलं मी जन्मात पाहिली नाहीत," मी म्हटलं.

मुकादम मॅडम हसल्या. "मॅडम, तुम्ही पाहुण्या आहात ना. आमच्याकडे पाहुण्याला रडगाणं सांगत नाहीत."

मला ते तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी दमले होते, आणि स्वतःवर खूष होते.

मंगळवार, द्वादशी

आता माझा पराक्रम ऐका. सोलापुरात मी वर्षानुवर्षं एक गोष्ट करत आले. चाचणी झाली की यादी फळ्यावर. कोण तयार, कोण कच्चं, सरळ नावानिशी. पोरांना थोडं लागतं, मग इरेला पडतात आणि अभ्यास करतात. इथंही मी तेच केलं. 'तयारी पूर्ण' आणि 'तयारी कमी' अशा दोन रकान्यांत नावं लिहून कागद सूचनाफलकावर लावला.

मुकादम मॅडम म्हणाल्या, "मॅडम, नावं न लिहिली तर?"

"अहो, काही होत नाही. दोन दिवसांत विसरतात."

त्यांनी टाचण्यांची डबी पुढे केली. मी त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठी, पाहुणी, आणि वर तज्ज्ञ! कशाला बोलतील.

सोलापुरात यादी लागली की दोनशे पोरं बघतात आणि दोनशे वाटांनी घरी जातात. इथं सगळ्यांना घरी नेणारी एसटी एक. तीत कंडक्टर ओळखीचा, मासे विकून परतणाऱ्या बाया ओळखीच्या, शेजारच्या बाकावर चुलत चुलता. कुणीतरी यादीचा फोटो काढला, तो गावाच्या ग्रुपवर पडला, आणि पोरं घरी पोचायच्या आधी त्यांची नावं घरी पोचली. नुसती गावात नाही. मुंबईत, पनवेलला, आखाती देशात, जिथं जिथं या गावांची माणसं आहेत तिथं तिथं.

बुधवार, त्रयोदशी

सकाळी वर्गात मागचे तीन बाक मोकळे. 'तयारी कमी'तली बहुतेक पोरं आलीच नव्हती.

अकराला भोईर सरांना फोन आला. ते नुसतं "हो, हो, अहो पण ऐका" करत राहिले. फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागच्या बाकावरच्या मनालीचा बाप. पनवेलला गोदामात कामाला हाय. तिथंच पोरीला पॅकिंगचं काम बघितलंन. शनिवारी येतो म्हणाला दाखला काढायला."

दाखला काढणं म्हणजे काय, ते शिक्षकाला सांगायला नको. कॉलेज सुटलं, संपलं. एकदा पोरगी बारा तास उभं राहून खोकी बांधायला लागली की परत कुठली येते?

"यादीमुळं?" मी विचारलं.

"त्यानं फोटो बघितला. म्हणाला, सगळ्या गावानं बघितला. नापासच व्हायचं तर इथं कमवील तरी."

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठले, यादी टराटरा फाडली. पण फाडून काय उपयोग, ती आता शेकडो फोनांत होती. मनालीचा कागद शोधून काढला. पंधरा गणितं कोरी. आणि दुसऱ्या कागदावर सगळ्यात हसऱ्या चेहऱ्यावर ठळक खूण, पेन दोनदा फिरवलेलं.

"चूक माझी आहे," मी मुकादम मॅडमना म्हटलं. "तुम्ही सांगत होता, मी ऐकलं नाही. आता काय करायचं ते तुम्ही सांगा."

त्या म्हणाल्या, "उद्या जाऊ. तिच्या आईचं हरिहरेश्वरला सरबताचं दुकान आहे."

गुरुवार, चतुर्दशी

स्कूटीवरून जाताना उजवीकडे समुद्र होता, मी मात्र मागे बसून देवाचं नाव घेत होते. हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. देवळाच्या वाटेवर नारळ, कोकम, आवळा सरबताची दुकानं. मनालीची आई काटक बाई, कोयत्याच्या तीन घावांत शहाळं उघडणारी. मनाली मागे बाटल्या धुवत बसलेली. मला बघितलं आणि मान जी खाली घातली ती घातलीच.

मी विचारलं, कशी आहेस. नाही बोलली. मुकादम मॅडमनी विचारलं, कॉलेजला येतेस ना. नाही बोलली. आई म्हणाली, "बोलायची न्हाय ती. दोन दिस माझ्याशी पन बोललेली न्हाय. नि बोलून काय करायचं? तिचा बाबा शनिवारी येनार हाय."

शिकवणाऱ्या बाईला बोलता येऊ नये असा प्रसंग वाईट. मला तिथं उभं राहवेना. मी आपली पळवाट काढली. म्हटलं, "तुम्ही बोला, मी तोवर डोंगराची प्रदक्षिणा करून येते." आणि देवळामागच्या पायऱ्यांकडे चालायला लागले. तिथून खाली उतरलं की समुद्राच्या कडेनं कातळावरून वाट आहे, हे मी ऐकून होते. धोक्याची पाटीही आहे. ती मी वाचली नाही, कारण डोळे भरले होते.

मागून बाटली आपटल्याचा आवाज आला.

"मॅडम! मॅडम, थांबा! जाऊ नका!"

मनाली पळत आली आणि माझा दंड असा धरला की दोन दिवस दुखत होता. "आज चवदस हाय! साडेदहाला पानी पुरं भरंल. आत्ताच कातळावर लाट यायला लागली असंल. माणसं गेलीत मॅडम तिथं!"

मी थांबले. माझा जीव वाचला म्हणून नव्हे हो, खरंच सांगते. माझ्या कानांनी दुसरंच काहीतरी ऐकलं होतं.

"साडेदहा कसं काढलंस?"

"कसं म्हंजे? पाऊणकीनं. तिथीची पाऊणकी केली की भरतीची येळ येते."

"म्हणजे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. एवढ्या मोठ्या बाईला एवढंही येत नाही! "चौदा पाऊण साडेदहा. पंचमी असली तर पाच पाऊण पावनेचार. अष्टमीला आठ पाऊण सहा. आईनं शिकवलं, लहानपनी. तिसऱ्या वेचायला जायचं तर यायलाच लागतं."

तिसऱ्या म्हणजे खाडीतल्या शिंपल्या. पाणी ओसरलं की बाया-पोरी चिखलात उतरून त्या वेचतात. आणि पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा! पूर्वी शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घ्यायचे. माझ्या वेळेलाच ती मागे पडली होती. मी गणिताची बाई, मला स्वतःला धड येत नाही. ती इथं चिखलात जिवंत होती.

मी पर्समधून तिचा कागद काढला. सातव्या गणितावर बोट ठेवलं. आठच्या तीन चतुर्थांश. कोरं. "हे काय आहे मग, मनाली?"

"ते गनित हाय," ती म्हणाली.

"आणि आठ पाऊण सहा?"

"ते भरतीचं हाय." मग ती कागदाकडे बघत राहिली. ओठ हलले. मला वाटलं आता हसेल, तर रडायला लागली पोरगी. तीन दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. मुकादम मॅडमनी तिला जवळ घेतलं आणि मीही रडले. लपवते कशाला?

आई कोयता हातात घेऊन उभी. "म्हंजे तिला येतं व्हय?"

"येतं. मला येत नाही एवढं येतं."

"मग बोर्डावर नाव कशाला लावलंव?"

शहाळं पीत उभ्या असलेल्या चार-पाच गिऱ्हाइकांच्या देखत मी म्हटलं, "चुकलं माझं." आजवर हे शब्द मी कुठल्या विद्यार्थ्याच्या आईला म्हटले नव्हते.

आई म्हणाली, "ते तिच्या बाबाला सांगा. त्यानं ते पनवेलात वाचलंय."

मनालीला मी विचारलं, उद्या एक दिवस येशील? सगळ्यांना पाऊणकी शिकवायला, मलासुद्धा? तिनं डोळे पुसले आणि अट घातली. "तुमी चुकलं म्हनालाव ना, ते त्याच बोर्डावर लिवा." काय पण पोरगी! मी तिथंच ओळखलं, हिला कमी काही नाही.

शुक्रवार, पौर्णिमा

सकाळी फलकावर माझ्या अक्षरात कागद लागला: 'सोमवारची चाचणी रद्द. मुलं तयार होती, चाचणी तयार नव्हती. सुनंदा बिराजदार.' एका मुलीनं फोटो काढला. म्हटलं काढ, बाई, खुशाल पाठव.

मग तो वर्ग झाला. मनाली फळ्यापुढे, खडू नुसताच या हातातून त्या हातात. भोईर सर मागच्या बाकावर गुडघे मुडपून बसलेले, त्यांनीच सुरुवात करून दिली. मिठागरातल्या आवाजात ओरडले, "एक पाऊण!" आणि वर्ग म्हणाला, "पाऊण!" "दोन पाऊण!" "दीड!" निम्म्या पोरांना येत होती हो. घरी म्हणत होती, कॉलेजात कधी कुणी विचारलंच नव्हतं. मनालीनं फळ्यावर एका बाजूला पाऊण लिहिलं, दुसऱ्या बाजूला तीन, खाली रेघ, खाली चार, आणि मध्ये बरोबरचं चिन्ह काढलं. मागून एक मुलगा म्हणाला, "आयला, हेच ते?" हेच ते, बाबा. टक्के, व्याज, सगळं पुढं याच वाटेनं जातं. मुकादम मॅडमनी तिथल्या तिथं पुढच्या महिन्याचे धडे बसवले: आधी भरती, मग सुपारीची प्रतवारी, मग पुस्तक. मी नुसती बघत होते. इतकं चांगलं काम मला एकटीला कधी जमलं नाही.

आणि चेहऱ्यांच्या कागदाचं काय केलं माहितेय? तो मुकादम मॅडमनी फेकून दिला. रोज हजेरी घेताना "हजर"ऐवजी मुलांनी भरती म्हणायचं किंवा ओहोटी. बस. कारण विचारायचं नाही. ओहोटीवाल्यांबरोबर त्या नंतर बदामाच्या झाडाखाली चहा पितात. पहिल्याच दिवशी सहा जण ओहोटी म्हणाले. सोमवारी हेच सहा जण हसऱ्या चेहऱ्यावर खुणा करत होते.

शेवटी मनालीनं शिक्षकांची चाचणी घेतली. मला प्रश्न आला: वद्य षष्ठीला तिसऱ्या वेचायला किती वाजता जाल? मी, शाकाहारी बाई, रुबाबात लिहिलं: सहा पाऊण साडेचार.

मनालीनं कागद बघितला, मग मला बघितलं. "मॅडम, गनित बरोबर हाय. पन तुमी बुडालाव."

साडेचारला भरती! वेचायला ओहोटीत जायचं, सहा तास सोडून, साडेदहाला. वर्ग असा हसला की शिपाईकाका बघायला आले. भोईर सर पास, मुकादम मॅडम पास. त्यांच्या आजोबांची होडी होती, त्या कशा चुकतील? मग मीच म्हटलं, यादी लाव. मनाली नको नको म्हणत होती, पण लावली.

शनिवार, प्रतिपदा

अकराच्या एसटीनं मनालीचा बाप आला. इस्त्रीचा शर्ट, वरच्या खिशात घडी घातलेला कागद. मी व्हरांड्यात उभी. मनाली वर्गात होती, दारातून दिसत होती, पुस्तक उघडं आणि नजर फाटकाकडे.

ऑफिसकडे जाताना तो फलकापाशी थांबला. आधी माझा कागद वाचला. मग शेजारची यादी. 'भरती चाचणी. तयारी पूर्ण: भोईर सर, मुकादम मॅडम. तयारी कमी: बिराजदार मॅडम.' खाली, 'परीक्षक: मनाली.'

पुन्हा वाचली. मग वळला. "ह्या बिराजदार मॅडम कोन?"

"मी."

"पैली यादी पन तुमचीच?"

"माझीच."

"मग खरी कुठली?"

"पहिली चुकीची होती. ही खरी आहे."

त्यानं खिशातून फोन काढला, यादीचा फोटो काढला. नीट आला नाही, परत काढला. दोन बोटांनी मोठा करून तळाचं नाव बघितलं. आणि ग्रुपवर टाकला. मिनिटभरात फोन टुणटुण वाजायला लागला. तो वाचत होता आणि चेहरा असा काही होत चालला होता की मी दुसरीकडे बघितलं.

"तुमी काय चुकलाव, मॅडम?"

"षष्ठीला साडेचारला तिसऱ्या वेचायला गेले."

"साडेचारला? अवो, कमरेवर पानी!" आणि माणूस हसला, पोट धरून. मग वर्गाकडे तोंड करून हाक मारली, "मनाली! ये हिकडं. मॅडमना सगळं नीट लिवून दे. भरती येगळी, ओहोटी येगळी. पुढच्या टायमाला पास व्हायला पायजेल त्या."

मनाली धावत आली. "कशावर लिवू, बाबा?"

त्यानं वरच्या खिशातला कागद काढला, घडी उलटी केली आणि तिच्या हातात दिला. "ह्याच्यावर लिव."

तो कागद आता सोलापूरला माझ्या स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी टाचणीनं अडकवलाय, पाऊणकी वर करून. येणारा-जाणारा विचारतो, हे काय? मी टाचणी काढते आणि कागद उलटून दाखवते. 'विषय: कॉलेज सोडल्याचा दाखला मिळणेबाबत.' खाली वडिलांच्या सहीची जागा कोरी आहे.